कानाला न सापडणारं व्याकरण डोळ्यांना दाखवा

समजा तुमचं पाच वर्षांचं पोर मळ्यातून पळत आलं आणि धापा टाकत म्हणालं, "दादा विहीर." तुम्ही काय समजाल? दादा विहिरीवर मोटार चालू करायला गेलाय, दादा विहिरीजवळ बसलाय, की दादा विहिरीत पडलाय? 'वर', 'जवळ' आणि 'त', एवढ्याशा शेपटांवर सगळा अर्थ अडकलेला आहे. शाळेत ज्याला व्याकरण म्हणतात आणि दहावीची परीक्षा झाली की आपण जे विसरून जातो, ते व्याकरण म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, हीच शेपटं आणि शब्दांचा हाच क्रम. बहुतेक मुलं ते आपोआप, ऐकता-ऐकता शिकतात. काही मुलांना मात्र ते तसं सापडत नाही.

अशी मुलं तुमच्या गावातही आहेत. ती मुकी नसतात. शेळ्यांच्या कळपातली कुठली शेळी कुणाची, हे अचूक ओळखतात. सांगितलेलं काम पाहून-पाहून करतात. पण बोलायला लागली की शब्द सुटे पडतात. "मी दादा मारलं" असं म्हणतात. यानं दादाला मारलं की दादानं याला, ते कळत नाही. घरचे म्हणतात, "याचा बापही उशिराच बोलला होता, बोलेल हळूहळू." शेजारचे म्हणतात, "थोडं मंदच आहे." आणि शाळेत ते पोर हळूच मागच्या बाकावर सरकतं.

या अडचणीला २०१७ साली इंग्रजी बोलणाऱ्या अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकमतानं नाव ठरवून दिलं. मराठीत त्याला विकासात्मक भाषा विकार म्हणता येईल. म्हणजे बहिरेपणा नाही, बुद्धीची मोठी उणीव नाही, मेंदूला इजा नाही, तरीही भाषा बसत नाही. इंग्लंडमध्ये शाळेत नव्यानं दाखल झालेल्या मुलांची मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात शंभरात सुमारे सात मुलं अशी आढळली. म्हणजे तीसच्या वर्गात दोन. आकडा तिकडचा आहे हे खरं, पण आपल्या शाळेत असं एकही मूल नाही असं मानून चालणं धाडसाचं ठरेल.

आधी कान तपासा

पीक पिवळं पडलं की आपण लगेच युरिया टाकत नाही. पाणी साचलं का, मुळाला कीड लागली का, हे आधी बघतो. इथंही तसंच. मूल नीट बोलत नसेल तर पहिलं काम कान तपासण्याचं. ज्या मुलाचा कान वारंवार फुटतो, वाहतो, त्याला शब्द ऐकू येतात पण 'ने', 'ला', 'त' ही हलकी, आखूड शेपटं निसटून जातात. कानात तेल घालून किंवा झाडपाला पिळून हा प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो.

त्यासाठी सरकारी सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि त्याचा आरंभ आपल्याच राज्यात, पालघरला झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. ज्या दोषांची तपासणी करायची, त्या यादीत ऐकू कमी येणं आणि भाषा उशिरा येणं ही दोन्ही आहेत. पथक आलं की आपण वजन-उंची मोजून घेतो आणि मोकळे होतो. तसं करू नका. "हा पोरगा चार वर्षांचा झाला, पण वाक्य जोडत नाही," हे तोंडानं सांगा आणि कागदावर लिहून घ्यायला लावा. पुढची तपासणी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. त्याहून मोठी तपासणी लागली तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वाचा आणि श्रवण याच कामासाठी ती १९८३ साली स्थापन झाली.

कधी सावध व्हायचं? दोन वर्षं पूर्ण झाली तरी मूल "पाणी दे", "आई ये" असे दोन शब्द जोडत नसेल. तीन वर्षांनंतरही तीन शब्दांचं वाक्य होत नसेल. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला कळत नसेल. पाच वर्षांचं मूल काल काय घडलं ते सांगू शकत नसेल. आणि येत असलेले शब्द कुठल्याही वयात बंद झाले, तर एक दिवसही थांबू नका.

बोली वेगळी असणं हा दोष नाही

इथं एक गोष्ट गुरुजींनी आणि अंगणवाडीताईंनी पक्की ध्यानात ठेवावी. आपला जिल्हा चौदा तालुक्यांचा. अकोल्याच्या डोंगरात ठाकर आणि महादेव कोळी मुलं त्यांच्या बोलीत बोलतात. पाथर्डीकडच्या तांड्यांवर घरात गोरमाटी चालते. त्यांना पुस्तकी मराठी अडली तर तो आजार नाही. ते मूल दुसरी भाषा शिकतंय, एवढंच. तसंच 'पाणी'ला 'पानी' म्हणणारं, 'मी भाकरी खाल्ली' ऐवजी 'म्या भाकर खाल्ली' म्हणणारं मूल चुकत नाही. त्याच्या घरचं व्याकरण तसंच आहे, आणि ते त्याला पक्कं येतं.

मग ओळखायचं कसं? सोपी कसोटी आहे. मूल आपल्या घरच्या बोलीतही अडतं का, ते आजीला विचारा. त्याच्याच वयाची भावकीतली पोरं जे बोलतात ते याला जमतं का, ते बघा. घरच्या बोलीतही अडत असेल, तरच पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे.

ही रीत आली कुठून?

बोललेला शब्द हवेत विरतो. ज्या मुलाला तो पकडता येत नाही, त्याला पुन्हा-पुन्हा मोठ्यानं ओरडून सांगितलं तरी तो विरायचा तो विरतोच. चित्र मात्र समोर राहतं. ते हातात धरता येतं, पुढे-मागे सरकवता येतं. म्हणून कानाला जे पेलत नाही ते डोळ्याला आणि हाताला द्यायचं, हे या रीतीचं मूळ.

कर्णबधिरांच्या शाळांतून ती पुढे आली. अमेरिकेत एडिथ फिट्झगेराल्ड नावाच्या शिक्षिका होत्या. स्वतः त्यांना ऐकू येत नसे. कोण, काय, कुठे अशा प्रश्नांच्या रकान्यांत वाक्य मांडायची पद्धत त्यांनी १९२६ साली पुस्तकातून मांडली. पुढे इंग्लंडमध्ये ॲलिसन ब्रायन यांनी वाक्यातल्या प्रत्येक भूमिकेला एक रंग दिला. ते काम १९९७ साली प्रसिद्ध झालं. सुझन एबल्स यांनी तिथल्या मूर हाउस शाळेत रंगांबरोबर आकारांचीही जोड दिली. ११ ते १६ वर्षांच्या मुलांवर त्यांनी केलेला अभ्यास २००७ साली आला. एवढ्या मोठ्या वयातही अशा शिकवण्यानं फरक पडतो, असं त्यात दिसलं. म्हणजे "आता वय गेलं" असं म्हणायचं कारण नाही.

आणि साधनांचं म्हणाल, तर आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला हेच दाखवून दिलं आहे. खेड्यातल्या बालशाळेला महागडी खेळणी लागत नाहीत. खडे, पानं, बिया, शिंपले, सगळं आवारातच मिळतं.

चार रंगांची कार्डं

जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. तळहाताएवढी कार्डं कापा. त्यांना चार रंगांचे घोटीव कागद चिकटवा किंवा खडूनं कडा रंगवा. 'कोण?' याला केशरी. 'काय करतो?' याला पिवळा. 'काय?' याला हिरवा. 'कुठं?' याला निळा. त्यावर चित्र काढा, कॅलेंडरातलं कापून लावा, नाहीतर मोबाईलवर घरच्याच माणसांचे फोटो काढून छापून घ्या. घरच्या माणसाचं चित्र असलं की मुलाचं लक्ष लगेच लागतं.

रंग कुठले हे महत्त्वाचं नाही. एकदा ठरवले की बदलायचे नाहीत, हे महत्त्वाचं. घरी एक आणि अंगणवाडीत दुसरा असं झालं, तर पोराचा गोंधळ वाढेल.

सुरुवात दोन कार्डांनी करा. केशरी आणि पिवळं. 'आई हसते.' 'गाय चरते.' मुलाला विचारा, "कोण?" त्यानं केशरी कार्ड ठेवावं. "काय करते?" पिवळं ठेवावं. मग बोट ठेवून दोघांनी मिळून वाक्य म्हणायचं. हे सहज जमू लागलं की मध्ये हिरवं घाला. 'आई भाकरी भाजते.' त्यानंतर निळं. 'आई तव्यावर भाकरी भाजते.' एका वेळी एकच कार्ड वाढवायचं.

इथं एक खबरदारी. इंग्रजी तक्ते बाजारात आणि मोबाईलवर मिळतात, त्यांची नक्कल करू नका. इंग्रजीत क्रिया मध्ये येते, आपल्याकडे ती शेवटी येते. पिवळं कार्ड नेहमी उजव्या टोकाला. मराठी वाक्य गाडीसारखं आहे, जू शेवटच्या शब्दावर.

मराठीची खरी गाठ शेपटांत

इंग्रजीत शब्द कुठल्या जागी आहे यावर बरंच भागतं. मराठीत जागा थोडी हलली तरी चालतं, पण शेपूट चुकून चालत नाही. 'दादा ताईला ढकलतो' आणि 'दादाला ताई ढकलते' यात पहिले दोन्ही शब्द जागेवरच आहेत. फक्त 'ला' सरकला आणि ढकलणारा बदलला.

म्हणून शेपटासाठी वेगळी वस्तू लागते. कपडे वाळत घालायचे चिमटे घ्या. एका चिमट्याला बाण चिकटवा, तो 'ला'. एकावर वाटीत ठिपका काढा, तो आतला 'त'. एकावर रेघेच्या वर ठिपका, तो 'वर'. अक्षर न येणाऱ्या मुलालाही या खुणा कळतात. कार्डाला चिमटा लावायचा आणि लावतानाच तो आवाज काढायचा. दादा, टक्, 'दादाला'. हातानं काहीतरी जोडलं की तोंडानंही ते जोडायचं असतं, हे मुलाच्या ध्यानात येतं.

पहिले शब्द नीट निवडा. मराठीत शेपूट लागताना शब्दाचं अंग बदलतं. घर, पण घरात. पोतं, पण पोत्यात. घोडा, पण घोड्याला. हे दोन्ही बदल एकदम आले की मूल गडबडतं. म्हणून आधी दादा, आई, ताई, मामा हे घ्या. ते बदलत नाहीत: दादाला, आईला, ताईला, मामाला. घर, शेत, विहीर, पोतं नंतर.

आणि खेळ खरा करा. घमेल्यात बटाटा ठेवा, घमेल्यावर ठेवा, घमेल्याजवळ ठेवा. प्रत्येक वेळी चिमटा बदला. मग उलटं करा, चिमटा तुम्ही लावा आणि बटाटा त्यानं ठेवावा. विहीर, कीटकनाशकाचा डबा, विजेची पेटी यांबद्दल ज्या मुलाला 'त' आणि 'वर' सांगता येतं, ते मूल अधिक सुरक्षित असतं.

बैल, गाय, वासरू

मराठीत तीन लिंगं. ती शिकवायला गोठ्यासारखी शाळा नाही. काळा बैल आला. काळी गाय आली. काळं वासरू आलं. बैलाच्या कार्डामागे चौकोन काढा, गाईच्या मागे गोल, वासराच्या मागे त्रिकोण. 'काळा' आणि 'आला' यांच्याही कोपऱ्यात चौकोन. 'काळी', 'आली' यांना गोल. 'काळं', 'आलं' यांना त्रिकोण. आता मुलानं सारखे आकार एका ओळीत लावायचे. आकार जुळले की वाक्य जुळलं. मग रेडा, म्हैस, रेडकू घ्या. बोकड, शेळी, करडू घ्या. जनावरं पक्की झाल्यावरच दगड, चूल, घर अशा वस्तूंकडे वळा. त्यांचं लिंग डोळ्यांना दिसत नाही, ते नुसतं पाठ होतं.

'ने' आला की क्रियापद पलटतं

सगळ्यात अवघड जागा ही. 'दादा भाकरी खातो', 'ताई आंबा खाते.' इथं क्रियापद खाणाऱ्याकडे बघतं. पण काम होऊन गेलं की 'दादानं भाकरी खाल्ली', 'ताईनं आंबा खाल्ला.' आता क्रियापद खाल्लेल्या वस्तूकडे बघतं! भाकरी म्हणून 'खाल्ली', आंबा म्हणून 'खाल्ला'. आपण हे जन्मभर करतो, पण कधी जाणवत नाही. अडणाऱ्या मुलाला इथंच खड्डा लागतो आणि ते म्हणतं, "दादा भाकरी खाल्ला."

ते समजावून सांगू नका, दाखवा. एक सुतळीचा तुकडा घ्या. 'दादा भाकरी खातो' म्हणताना सुतळी केशरी कार्डापासून पिवळ्या कार्डापर्यंत. 'दादानं' म्हणत 'ने'चा चिमटा लावला की सुतळी उचलायची आणि हिरव्या कार्डापासून पिवळ्यापर्यंत ठेवायची. चिमटा लागला, सुतळी हलली. आठ-पंधरा दिवस हाच एक खेळ खेळलात तरी चालेल. 'मी' आणि 'तू' यांना प्रमाण मराठीत 'ने' लागत नाही, तरी सुतळी तशीच हलते: मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला. ते पुढच्या टप्प्यावर घ्या. 'दादानं बैलाला मारलं' हे तर त्याच्याही नंतर.

रोज दहा मिनिटं, तीही हसत

ठिबकनं पाणी द्यावं तसं हे काम आहे. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज संध्याकाळी दहा मिनिटं बरी. मूल चुकलं तर "असं नाही, नीट बोल" म्हणून दटावू नका. त्याचंच वाक्य नीट करून परत द्या. ते म्हणालं "दादा भाकरी खाल्ला", तुम्ही म्हणा, "हो रे, दादानं भाकरी खाल्ली," आणि चिमटा लावून दाखवा. पाहुण्यांसमोर "बोलून दाखव" असं कधी करू नका.

शिकलेलं खरंच बसलं का, हे नव्या चित्रावर बघा. पाठ झालेलं वाक्य म्हणजे आलेलं व्याकरण नव्हे. जमायला लागलं की कार्डं हळूहळू काढा. आधी चित्र काढून नुसता रंग ठेवा, मग रंगही काढा आणि फक्त बोटांनी जागा दाखवा. काठीच्या आधारानं चढलेल्या वेलाची काठी एकदम उपटत नाहीत, तसंच. या साधनांनी सगळीच मुलं सारखी सुधारतात असं नाही. काहींना वर्षानुवर्षं आधार लागतो. वाचा-भाषा तज्ज्ञ भेटला तर कुठून सुरू करायचं ते त्यानं ठरवावं. त्यानं सांगितलेलं रोज घरी घडवणं हे काम मात्र आपलंच.

गावानं काय करावं?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि वाचा व भाषा दिव्यांगता हा त्यातला एक. पण तिची व्याख्या शरीराच्या किंवा मज्जासंस्थेच्या कारणानं आलेल्या कायमच्या दोषापुरती आहे. त्यामुळे वर सांगितलेल्या मुलांपैकी अनेकांना त्या प्रकारात प्रमाणपत्र मिळणं अवघड. सरपंच आणि भाऊसाहेबांनी हे समजून घ्यावं, कारण "प्रमाणपत्र आणा, मग बघू" म्हटलं की या मुलांचं सगळं थांबतं. पुठ्ठा, रंग आणि चिमटे यांना प्रमाणपत्र लागत नाही.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. अंगणवाडी आणि शाळेसाठी कार्डांचा एकेक संच बनवायचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. शाळा व्यवस्थापन समितीनं हा विषय एका बैठकीत घ्यावा. मुख्याध्यापकांनी गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलावून घ्यावं. आशाताईंनी कान वाहणाऱ्या पोरांची यादी करावी आणि तपासणी पथक येईल त्या दिवशी ती पुढे ठेवावी.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या मंडळींना वेगळं सांगायचं आहे. दिवाळीच्या सुमारास टोळी ऊसतोडीला निघते आणि पट्टा पडेपर्यंत पोरं कोपीवर राहतात. भाषेत अडणाऱ्या मुलाचं असं अर्ध वर्ष गेलं, तर शिकलेलंही पुसतं. शक्य असेल तर त्याला आजीपाशी ठेवून शाळा चालू ठेवा. न्यायचंच असेल तर गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि चित्रांची, चिमट्यांची पिशवी सोबत बांधा. ती वजनाला पावशेरही भरत नाही. कोपीसमोर चुलीच्या उजेडातही दहा मिनिटं होतात.

बियाणं उगवलं नाही तर आपण बियाण्याला शिव्या देत नाही. ओल बघतो, खोली बघतो, नांग्या भरतो. येत्या आठवड्यात एवढंच करा. गावात तीन वर्षांवरचं जे मूल वाक्य जोडत नाही, त्याचं नाव अंगणवाडीताईंकडे लिहून द्या, त्याचे कान तपासायला लावा, आणि घरातल्या खोक्याचा एक पुठ्ठा कापायला घ्या.